कंबरदुखीचे घरगुती उपाय आणि आमची एक चूक

शाळेच्या वार्तापत्रासाठी या वेळी आरोग्यावर काहीतरी लिहून द्या, अशी चिठ्ठी आमच्या नातीच्या हाती आली. आम्ही उभयता निवृत्त शिक्षक. एकाने आयुष्यभर गणित शिकवले, दुसरीने मराठी आणि शिवणकाम. आरोग्य या विषयात आमचा अधिकार तो काय? आम्ही चिठ्ठी परत पाठवणार होतो. तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या कमरेवर लिहा ना! घरात रोज तेच तर चाललेलं असतं." मुलांच्या तोंडून असे सत्य बाहेर पडते, त्याला उत्तर नसते.

तेव्हा वाचकहो, हा लेख कमरेवरचा आहे. सोयीसाठी आम्ही स्वतःला "गुरुजी" आणि "बाई" म्हणू. विद्यार्थी आम्हाला त्याच नावांनी ओळखतात आणि आता घरातही तीच नावे पडली आहेत.

सुरुवात २०११च्या दिवाळीत झाली. वारासिवनीकडे आमची थोडी धानाची शेती आहे, ती बटईने दिलेली. तिथून चिन्नोर तांदळाचा कट्टा घरी आला होता. (आपल्या बालाघाटच्या याच चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; आमची कंबर मात्र दहा वर्षे आधीच त्याच्या कामी आली.) कट्टा दारात पडलेला, पाहुणे यायचे, आणि गुरुजींना तो एकट्याने आत ओढायची हौस. बाईंनी आतून हाक मारली, "अहो, थांबा, पोराला येऊ द्या." गुरुजी थांबले नाहीत. गुडघे सरळ ठेवून कमरेतून वाकले, कट्टा उचलला आणि तसेच वळले. पुढचा अर्धा तास ते ओसरीवर कंदिलासारखे वाकून उभे होते. ना खाली बसता येई, ना सरळ होता येई.

मग सुरू झाले उपचार. आपल्याकडे कंबरदुखीच्या रोग्याला सल्ल्यांची कमतरता कधीच पडत नाही. शेजारच्या काकांनी लाकडी फळीवर झोपायला सांगितले. एकाने कमरपट्टा आणून दिला. पायाळू माणसाची लाथ कमरेवर घ्यावी, हा सल्ला तर तीन निरनिराळ्या घरांतून आला आणि एका ओळखीच्या बाईंनी आपला पायाळू मुलगाही पाठवून दिला. मुलगा गुरुजींचाच विद्यार्थी! गुरुजींना लाथ मारण्याची अशी अधिकृत संधी पुन्हा येणार नाही हे त्याला ठाऊक होते, तरी बिचारा इतका लाजला की नुसता पाय टेकवून पळाला. औषधाच्या दुकानातून कोणाला न विचारता आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही झाल्या. सगळ्यांत मोठा उपचार म्हणजे विश्रांती. पंधरा दिवस गुरुजी फळीवर पडून होते. जेवण तिथेच, वर्तमानपत्र तिथेच.

पंधरा दिवसांनी उठले तेव्हा कंबर दुखतच होती. शिवाय पाय लटपटत होते, पोट बिघडले होते आणि मनात भीती बसली होती. चप्पल पायात घालायलासुद्धा वाकायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. मोजे बाई घालून देत.

या पंधरा दिवसांचा आम्हाला आजही पश्चात्ताप होतो, कारण ज्ञान तेव्हाही उपलब्ध होते, फक्त आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. अमेरिकेत १९८६ मध्ये डॉ. डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या रोग्यांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस पडून राहायला सांगितले, दुसऱ्याला सात दिवस. दुखणे बरे होण्यात काही फरक पडला नाही. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर रुजू झाले. पुढे १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नोकरदारांवर आणखी एक प्रयोग झाला. काहींना अंथरुणात विश्रांती, काहींना कमरेचे व्यायाम, आणि काहींना सांगितले की दुखण्याला सोसवेल तेवढी आपली रोजची कामे करत राहा. सर्वांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. फळीचेही तसेच. स्पेनमध्ये केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या तीनशेहून अधिक माणसांना कोणी कडक, कोणी मध्यम गादी दिली होती. मध्यम गादीवाल्यांची पाठ कमी दुखली. आमची फळी आता गच्चीवर आहे. तिच्यावर बाई पापड वाळवतात.

त्यानंतर आला "गॅप". बालाघाटात ज्याची कंबर दुखते त्याच्या मणक्यात गॅप असतो. गुरुजींच्या फोटोतही तो निघाला आणि घरात सुतक पडल्यासारखे झाले. गणिताच्या माणसाला पुढे एक आकडा वाचायला मिळाला, त्याने थोडा धीर आला. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या पाठीचे फोटो तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या निरोगी माणसांतही ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधील गाद्यांची झीज दिसली, आणि ऐंशीच्या घरात हा आकडा ९६ टक्के होता. म्हणजे गॅप हा बहुतेक वेळा पांढऱ्या केसांसारखा असतो. केस पांढरे झाले म्हणून डोके दुखते, असे आपण म्हणत नाही. अर्थात गादी सरकून शीर दाबली गेली, कळ कमरेतून पोटरीपर्यंत उतरू लागली, तर ती गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरच हवा.

आता आम्हाला उपयोग कशाचा झाला, ते सांगतो.

पहिला उपयोग शेकाचा. बाईंच्या माहेरी, गोंदियाकडे, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधतात आणि कमरेला शेकतात. कोणी एरंडाची पाने वापरतात, कोणी जाड मीठ किंवा वाळू भाजून तिची पुरचुंडी करतात. बाईंचा निर्गुडीवर फार विश्वास. गुरुजींचे म्हणणे असे की गुण उष्णतेचा आहे, पाला कोणताही चालेल. या विषयावर आमच्या घरात चौदा वर्षे वाद चालू आहे. डॉक्टर मंडळीही एवढे मान्य करतात की नव्याने धरलेल्या कंबरेला ऊब मिळाली तर पहिले काही दिवस आराम वाटतो. स्नायू सैल पडतात आणि माणूस हालचाल करायला तयार होतो. खरा फायदा या दुसऱ्या गोष्टीचा. मात्र एक सांभाळावे. मधुमेहाने ज्यांची कातडी बधिर झाली आहे त्यांना चटका कळत नाही. त्यांच्यासाठी पुरचुंडी आधी घरातल्या दुसऱ्या माणसाने आपल्या मनगटावर लावून पाहावी.

तेलाचेही तसेच. मोहाच्या बियांचे तेल, ज्याला आपल्याकडे कोणी गुल्लीचे तर कोणी टोरीचे तेल म्हणतात, जुन्या घरांत अजून मिळते. तीळतेलात ओवा आणि लसूण कढवूनही तेल करतात. तेल आत मुरून मणक्यापर्यंत जाते, ही समजूत काही खरी नाही. पण हाताने हलके चोळल्याने बरे वाटते, आणि घरातले कोणी दहा मिनिटे जवळ बसून पाठ चोळून देते यालाही औषधाइतकीच किंमत आहे. मणका "बसवून" देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती पाठ देऊ नये. तेवढे आम्ही कटाक्षाने टाळले.

खरा गुण आला तो चालण्याने. बाई रोज पहाटे गुरुजींना घेऊन निघत. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत, दुसऱ्या दिवशी दोन खांब. गुरुजी कुरकुरत, "अगं, दुखतंय." बाई म्हणत, "घरी बसूनही दुखतंच आहे ना? मग चालताना दुखू दे." दीड महिन्याने आम्ही वैनगंगेच्या घाटापर्यंत पोहोचलो. थंडीचे दिवस, नदीवर धुके आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसलेले गुरुजी. स्वतः वाकून, स्वतःच्या हाताने ते बुटाची नाडी बांधत होते. बाईंनी ते पाहिले आणि काही न बोलता तोंड फिरवून नदीकडे पाहत राहिल्या. तेव्हापासून मोजे गुरुजींचे गुरुजी घालतात.

आम्ही हे अंदाजाने केले. ऑस्ट्रेलियात मात्र त्याचा रीतसर प्रयोग झाला आणि २०२४ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाला. नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ माणसांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालण्याचा कार्यक्रम आखून दिला. बाकीच्यांना काही दिले नाही. न चालणाऱ्यांचे दुखणे साधारण ११२ दिवसांत उलटले, चालणाऱ्यांचे २०८ दिवसांनी. दुखणे कायमचे गेले, असे कोणी म्हटलेले नाही. पण जवळजवळ दुप्पट दिवस सुखाचे मिळाले, तेही एक पैसा खर्च न करता.

व्यायाम आम्ही नागपूरला शिकलो. लेकीकडे मुक्कामाला असताना रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या वर्गाला जात होतो. तिथे शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. पवनमुक्तासन, मार्जारासन, सेतुबंधासन आणि अगदी सावकाश भुजंगासन, एवढ्यावर आमचे भागते. योगासने ही नुसती श्रद्धेची गोष्ट राहू नये, त्यांची मोजमापे व्हावीत, यासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि क्ष-किरणांसारखी साधने वापरून अभ्यास सुरू केला, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे. कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो का, याचे पुष्कळ प्रयोग आता जगभर झाले आहेत. निष्कर्ष असा की उपयोग होतो, पण बेताचा, आणि इतर चांगल्या व्यायामांइतकाच. आमच्या योगशिक्षकांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "बेताचा तर बेताचा. रोज कराल तर पुरेल." आणखी एक: कमरेत कळ असताना पुढे वाकून पायाचे अंगठे पकडण्याचा हट्ट धरू नये. गुरुजींनी धरला होता. चार दिवस पुन्हा मोजे बाईंकडे गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दुखण्याची नीट समजूत घालणे, व्यायाम, काही प्रकारचे मालिश, मनाची भीती घालवणारी बोलणी, यांची त्यात शिफारस आहे. कमरपट्टा आणि वजने लावून पाठ ताणणे नेहमीच्या उपचारात नको म्हटले आहे. त्याच संघटनेचा अंदाज असा की २०२० मध्ये जगात सुमारे ६२ कोटी माणसे कंबरदुखीने त्रासलेली होती. म्हणजे गुरुजी एकटे नव्हते, तरी फळीवर पडल्या पडल्या त्यांना तसे वाटत असे.

इथे थांबलो असतो तर हा लेख सुखान्त झाला असता. पण खरे सांगायचे ते पुढेच आहे.

गुरुजी बरे झाले आणि आम्हाला गर्व झाला. दिसेल त्याला आम्ही उपाय सांगू लागलो. गणपतीच्या मंडपात सांगितले, लग्नाच्या पंगतीत सांगितले, भरवेलीच्या खाणीत काम करणाऱ्या शेजाऱ्याला सांगितले. बहुतेकांना गुण आला, कारण साधी कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपणच कमी होते. श्रेय मात्र आम्ही घेत राहिलो.

आमच्या शेतावर रोवणीला एक बाई येतात. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. ज्यांनी रोवणी पाहिली नाही अशा शहरी बालकांसाठी सांगतो: जुलैत पाऊस लागला की पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधतात आणि चिखल केलेल्या बांधीत ते एकेक करून रोवतात. घोटाभर पाणी, डोक्यावर मोरा किंवा प्लास्टिकचा तुकडा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेतून वाकून मागे मागे सरकत जायचे. आपण जो भात खातो तो बायकांच्या कमरेवरून येतो. 'श्री' पद्धतीत रोपे कमी लागतात आणि निंदणाचे यंत्र उभ्याने ढकलता येते. रोवणीची यंत्रेही आली आहेत. पण लहान बांधीत अजून पाठच वाकते.

२०१९च्या होळीपासून मावशींची कंबर दुखत होती. रोवणीच्या वेळी त्या बाईंना म्हणाल्या, "कंबर तुटते जी बाई. रातीला तर झोपच नाही लागत." आता रोवणीच्या दिवसांत कंबर दुखते, यात नवल ते काय? बाईंनी निर्गुडीचा शेक सांगितला, तेल दिले. गुरुजींनी धुऱ्यावर उभे राहून मार्जारासन करून दाखवले. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मावशींनी मात्र सांगितलेले सगळे केले. गुरुजींचा शब्द म्हणजे काय! रोज शेक, रोज तेल, रोज घराच्या अंगणात व्यायाम. पोळा झाला, तरी गुण नाही. आम्ही म्हणालो, "मावशी, नेटाने करा, वेळ लागतो." त्या "हो जी" म्हणाल्या.

दसऱ्याच्या आधी त्या घरी आल्या. आमची नात तेव्हा चौथीत होती. ती अंगणात खेळत होती. मावशी गेल्यावर म्हणाली, "आजी, मावशीचं ब्लाऊज किती ढिलं झालंय. आणि त्यांच्या पाठीचा एक मणका असा बाहेर दिसतो." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. चार महिने आम्ही त्यांच्या कमरेविषयी बोलत होतो आणि त्यांच्याकडे पाहिले होते ते या पोरीने.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या गावी गेलो आणि प्रथमच नीट विचारपूस केली. संध्याकाळी अंगात कसकस असते, जेवण जात नाही, दुखणे पडून राहिल्यानेही थांबत नाही, आणि गेल्या आठ दिवसांपासून पाय जड झाल्यासारखे वाटतात, दोनदा ठेच लागून पडल्या. हे सगळे त्यांनी आम्हाला आधी का सांगितले नाही? "तुम्ही कमरेचं विचारलं जी," एवढेच त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांना नागपूरला नेले. तपासण्या झाल्या. मणक्याचा क्षयरोग निघाला. जंतूंनी कमरेच्या जरा वरचे दोन मणके पोखरले होते आणि आत मज्जारज्जूवर दाब येऊ लागला होता. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "इतके दिवस काय उपचार चालू होता?" गुरुजींनी चाळीस वर्षे वर्गात प्रश्न विचारले आहेत. त्या दिवशी त्यांना उत्तर देता आले नाही. "शेक," बाई म्हणाल्या. डॉक्टर पुढे काही बोलले नाहीत. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर पाय गेले असते का, हे आम्ही विचारले नाही.

नशीब एवढेच की या रोगावर औषध आहे आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ते फुकट मिळते. मावशींना दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागल्या. मधेच २०२०ची टाळेबंदी आली, बस बंद, रस्ते बंद. गावातली आशाताई पायी जाऊन गोळ्या पोहोचवत असे. एकही दिवस खंड पडू दिला नाही तिने. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात येत. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली आहे. वस्तीतल्या काही लोकांनी सुरुवातीला त्यांच्याकडे पाणी प्यायचे सोडले. फुप्फुसात नसून नुसत्या हाडात असलेला क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही, हे समजावायला गुरुजी तिथे तीनदा गेले. या वेळी समजावण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतले होते.

म्हणून आता कोणी कमरेवर उपाय विचारला की आम्ही आधी उलट विचारतो. ताप येतो का? वजन उतरले का? रात्री पडल्यावरही दुखते का? पायातली शक्ती कमी झाली का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, लघवीवरचा ताबा गेला का? म्हाताऱ्या माणसाला पडल्यानंतर दुखू लागले का, पूर्वी कर्करोग झाला होता का? यातल्या एकाचेही उत्तर "हो" आले तर आम्ही तेलाचे नावही काढत नाही, गाडीची व्यवस्था बघतो. लघवी किंवा पायांची तक्रार असेल तर त्याच दिवशी. लोकांना वाटते, गुरुजी आता फार चौकशा करतात. वाटू द्यावे.

मुलांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण पालक दप्तराविषयी विचारतात. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. तीस किलोच्या मुलाचे तीन किलो. आमच्या नातीचे एकदा काट्यावर टाकले तर पाच किलो भरले. त्यात मागच्या वर्षाची एक वही, दोन कंपास आणि एक दगड निघाला. दगड का, ते तिने सांगितले नाही. दप्तरामुळेच पाठ दुखते, असे मात्र छातीठोक म्हणता येत नाही. २०१८ मधील एका मोठ्या आढाव्यात तसा पक्का पुरावा मिळाला नाही. तरी जड ओझे लेकरांना का वाहायला लावायचे? आमच्या मते त्यांच्या पाठीला दप्तराहून जास्त त्रास मोबाईल घेऊन तासन्‌तास वेटोळे घालून बसण्याचा होतो, आणि सुटीतही मैदानावर न जाण्याचा. हे आमचे मत आहे, आढावा नव्हे.

विश्वस्त मंडळींसाठीही एक गोष्ट आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात शेतमजुरांना पूर्वी हातभर दांड्याच्या खुरप्याने दिवसभर वाकून निंदण करावे लागे. लांब दांड्याचे अवजार दिले तर मजूर आळस करतात, मजूर वाकलेला दिसला म्हणजे काम चालू आहे हे लांबून कळते, असे मळेवाल्यांना वाटे. मजुरांच्या पाठी तरुणपणीच मोडत. सीझर चावेझ यांच्या शेतमजूर चळवळीने आणि मजुरांच्या वकिलांनी तो प्रश्न धसाला लावला आणि १९७५ मध्ये त्या आखूड अवजारावर तिथे बंदी आली. ही हकीकत आम्ही वाचली त्याच आठवड्यात शाळेत गेलो होतो. व्हरांडा झाडणाऱ्या बाई हातभर झाडूने वाकून झाडत होत्या. चौदा वर्ग, दोन जिने आणि पटांगणाची कड. आम्ही बाजारातून चार बांबू आणले, झाडूंना सुतळीने घट्ट बांधले आणि देऊन आलो. पहिल्या दिवशी त्यांना ते जमेना; कचरा कोपऱ्यातून नीट निघत नाही म्हणाल्या. आता जुने झाडू फक्त कोपऱ्यांसाठी काढतात. बांबू अजून दोन लागतील.

या वर्षीच्या रोवणीला आम्ही शेतावर गेलो होतो. मावशी आता बांधीत उतरत नाहीत. डॉक्टरांनी दिवसभर वाकण्याचे काम बंद केले आहे. त्या धुऱ्यावर पाटावर बसून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधतात आणि मजुरी इतरांएवढीच घेतात. ती अट बटईदाराशी बोलताना बाईंनी घातली होती. दुपारी पाऊस थांबला. गुरुजींना काय वाटले कोण जाणे, जुड्यांनी भरलेला घमेला उचलून द्यायला ते पुढे सरसावले आणि सवयीने कमरेतून वाकले. धुऱ्यावरून आवाज आला, "गुरुजी, तसे नका वाकू जी! आधी खाली बसा, मग उचला."

गुरुजी खाली बसले. मग उचलला.